आठ बाया, बाराचे पऱ्हे

यंदा रोवणीच्या तोंडावर गावातल्या बायांनी समाजमंदिरात बसून ठरवलं, रोजाच्या तीनशे रुपयांखाली कोणी धानाच्या बांधीत पाय टाकायचा नाही. गेल्या साली दोनशे होते. ही भानगड उकरली रंभानं. बारा बायांच्या टोळीची ती म्होरकी, आणि तोंडाची अशी पक्की की बस! बायांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी शेतमालक दादाजीभाऊनं त्या टाळ्यांची हवाच काढली.

"तीनशे देतो ना," तो म्हणाला, "पण मंग आठच बाया आणजो. अन् त्या सोमारीले तर आणूच नको, हात चालत नाई तिचा."

 रंभा नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला रोवणं शिकवलं होतं सोमारीनंच. आता आपल्या तोंडापायी तिचंच काम गेलं! ती धावत सोमारीच्या घरी गेली.

"बाई, आम्ही दोनशेवर वापस येतो म्हणून सांगते मी त्याले. पण तू चाल."

"खबरदार!" सोमारीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "भाव उतरवला तर माह्या दारात येऊ नको. मजुरी वाढली म्हणून त्याची बांधी लहान झाली का? पाहू ना."

सकाळी आठ जणी चिखलात उतरल्या. सोमारीची जागा रिकामी पाहून रंभाला मेलं रोवणं गोड लागेना. चार तास पाठ वर केली नाही, तरी बांधावरच्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या सरतच नव्हत्या. दुपारी तिनं नीट पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"दादाजीभाऊ, पऱ्हे किती जणींचे खोदले जी?"

बांधावर उभ्या दादाजीनं पेंढ्यांकडं पाहिलं. मग ट्रॅक्टरनं करून ठेवलेल्या चिखलाकडं पाहिलं. पंचवीस वर्षांची सवय! तोंडानं आठ म्हटलं होतं, पण पहाटे हातांनी बारा बायांना पुरतील इतके पऱ्हे उपटून ठेवले होते. ते उद्यापर्यंत पिवळे पडणार, आणि चिखल एकदा बसला की त्यात बोट शिरत नाही.

"हात चालवा ना जरा!"

"चालूनच राह्यले. तुम्हीच या आता!"

आणि आला की हो! धोतर खोचून, बडबडत. दहा रोपं लावली, ती सारी वाकडी. मागं सरकताना असा काही आपटला की आठही जणी पोट धरून हसल्या. उठला तो थेट मोटरसायकलकडं गेला.

अर्ध्या तासानं मोटरसायकल परत आली. मागच्या सीटवर सोमारी, ताठ, जशी लग्नाला निघालेली. घरी राहिलेल्या बाकीच्या तिघी मागून चालत येत होत्या.

"पुरे तीनशे कबूल करवूनच बसली मी," सोमारीनं बांधावरूनच सांगितलं. रंभा चिखलातून धावली आणि तिच्या गळ्यातच पडली. दोघींची लुगडी माखली, डोळे वाहिले, लाज कोणाला होती!

दिवस मावळायच्या आत शेवटची पेंढी सरली. मालक बांधीत उतरला तर चिखल लावायचा, ही इथली रीतच. बारा जणींनी दादाजीला कानापर्यंत माखलं. तो ओरडत होता, आणि हसतही होता.

"उद्या किती बाया आणू जी?" रंभानं विचारलं.

त्यानं डोळ्यांवरचा चिखल पुसला. बांधावर पाय पसरून बसलेल्या सोमारीकडं पाहिलं.

"मले बाराचेच पऱ्हे खोदता येते," तो म्हणाला. "बाराही आणजो."