काळूराम मुंबईला निघाला

होडी अर्धीअधिक पाण्यात गेली होती आणि काळूराम धोतर गुडघ्याच्या वर खोचून तिला मागून रेटत होता.

"मामा, तुमी वर बसा की. आज तुमी उतारू, मी होडीवाला," सदू म्हणाला.

"उतारू झालो म्हून काय हात झडले? लाव जोर!"

सदू त्याचा भाचा, दोन लेकरांचा बाप. पण मामाला नवंकोरं धोतर नेसलेला बघून सकाळपासून त्याला हसू आवरत नव्हतं. काळूरामही आज चिडत नव्हता. काखेत सुक्या सोड्यांचं गाठोडं आणि तोंडभर पान, अशा थाटात तो मुंबईला निघाला होता. एवढ्यात वाडीच्या वरच्या अंगाने हंबरडा उठला. आवाज नीराबाईचा होता. तिचा नवरा धाकू तांडेल पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळून होता, आणि आज वेळ साधून तो गेला.

सदूने होडीवरचे हात काढले. काळूरामनेही काढले. मग दोघांनी तीच होडी मागे ओढली आणि कोरड्या वाळूवर आणून ठेवली.

वाडीत माणूस गेला, की त्याला अग्नी देईपर्यंत एकही होडी पाण्यात उतरायची नाही, हा कोळीवाड्याचा रिवाज. धाकूचा मुलगा मच्छीमारीला किनाऱ्याने चार कोसांवर गेलेला. त्याच्याकडे माणूस पायी धाडायचा, तो यायचा, मग प्रेत हलायचं. म्हणजे दिवस मावळणार. आणि आगबोट दुपारी येणार होती.

बोर्ली पंचतनच्या खालच्या या किनाऱ्याला आगबोट लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही, भोंगा देई, आणि काळूरामची होडी उतारूंना तिच्यापर्यंत पोचवी. जन्मभर त्याने हेच केलं. गिरणीत निघालेले बाप्ये, माहेरपणाला आलेल्या बाया, रडणारी पोरं, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं त्याने हाताला धरून आगबोटीच्या शिडीवर चढवलं. स्वतः मात्र तो मुंबईला कधी गेला नव्हता. जाण्याजोगं कामच नव्हतं.

आता काम निघालं होतं. त्याची एकुलती एक लेक तुळशी नवऱ्याबरोबर आफ्रिकेला चालली होती. जावई शिवदास गोदीत सुतारकाम करी. त्याला मोंबासाला पक्की नोकरी लागली होती. गुरुवारी त्यांची बोट मुंबईहून सुटणार होती. मोंबासाला गेलेलं माणूस परत आल्याचं या वाडीने काही ऐकलेलं नव्हतं. तुळशीची आई ती रांगत होती तेव्हाच गेली. काळूरामने तिला होडीतच वाढवली म्हणा ना. वेणी घालायला तेवढी शेजारीण लागे, बाकी सगळं त्याचं तोच करी. तिने सांगावा धाडला होता, "बा, एकदा येऊन भेटून जा." एवढंच.

सांगावा घेऊन आलेल्या माणसाने रविवारीच बजावलं होतं, "काळूदादा, खुश्कीनं निघा. म्हसळ्याला गाडी, तितनं सर्विस मोटार, धरमतरला लाँच. मंगळवारी पोचाल, दोन दिस लेकीजवळ ऱ्हाल."

काळूराम तेव्हा मोठ्याने हसला होता. "डब्यात कोंबून, धूळ खाऊन जाऊ? अन् माजी आगबोट काय मेली? बुधवारी दुपारी बसंन, दिवं लागायला मुंबई. बोटीचा सारंग माज्या वळखीचा हाय, तिकिटाबिगर नेतो म्हनला!"

फुकट नेण्याचा मोह नव्हता तो. मिरवायचं होतं त्याला. इतकी वर्षं ज्या शिडीखाली तो उभा राहिला, त्या शिडीवर एकदा सगळ्यांदेखत त्याला चढायचं होतं. वेडा हट्ट होता, पण त्याने दुसरा कुठला हट्ट जन्मात केला होता? आणि लेकीला तरी कुठे घाई वाटत होती. बा आगबोटीने येणार म्हटल्यावर येणारच, हे तिने धरलं होतं.

सदू जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मामा, समदी धाकूबाच्या दारात हायेत. खडकामागनं होडी काढतो. आगबोटीपत्तूर सोडतो अन् आलोच. कोन बघत न्हाय."

काळूरामने त्याच्याकडे पाहिलं. मागल्या साली वाडीत एक म्हातारी गेली होती, आणि याच सदूने बाहेर लावलेलं जाळं ओढून आणायला होडी काढली होती. तेव्हा गुडघाभर पाण्यात शिरून त्याच्या हातातलं वल्हं हिसकावणारा काळूरामच होता. "तुजं जाळं मोठं का मेलेलं मानूस मोठं?" असं तो सगळ्या वाडीसमोर ओरडला होता. जाळं वाहून गेलं. सदू त्यावर पुन्हा कधी बोलला नव्हता, आणि आज तोच होडी काढतो म्हणत होता. काळूरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"न्हाय रं," तो म्हणाला. "मी खुश्कीनं जातो."

"पोचनार न्हाय तुमी."

"पोचंन."

तो धाकूच्या दारात गेला, प्रेताच्या पाया पडला. नीराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशी बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण नवरा पुढ्यात पडलेल्या बाईला आपल्या होडीचं काय सांगायचं? तो तसाच मागे फिरला.

बोर्लीहून म्हसळ्याला बाजाराचा खटारा मिळाला. गाडीवान गप्पिष्ट होता, काळूराम हूं हूं करत राहिला. चढणीवर बैल थांबले आणि खाली समुद्राकडून भोंगा ऐकू आला. होडी येत नाही म्हणून आगबोटीने पुन्हा एकदा भोंगा दिला, लांबलचक. आजवर त्या आवाजाला काळूराम उठून धावला नाही असं कधी झालं नव्हतं. त्याचे पाय आपोआप खटाऱ्याखाली आले.

"काय झालं?" गाडीवानाने विचारलं.

"काय न्हाय. हाक तू."

म्हसळ्याला पोचेपर्यंत शेवटची मोटार निघून गेली होती. रात्र त्याने एका दुकानाच्या ओट्यावर काढली. सकाळची मोटार उशिरा निघाली. माणगावला उतारू भरेपर्यंत ती हलेना, पुढे पेणच्या अलीकडे तिचं चाक बसलं. काळूरामने ड्रायव्हरला हात जोडून घाई करायला सांगितलं. ड्रायव्हर भला माणूस होता, "आजोबा, मी काय चाक खांद्यावर घेऊ?" म्हणाला आणि घाम पुसत कामाला लागला. त्याच्यावर रागावण्यासारखंही काही नव्हतं.

धरमतरला लाँच उभी होती, पण चिखलात. ओहोटी लागलेली. उतारू लाँचच्या माणसाशी भांडत होते, कधी सोडणार, कधी सोडणार म्हणून. काळूराम भांडला नाही. काठावर बसून त्याने पाण्याकडे पाहिलं. भरती चढेल तेव्हा लाँच सुटेल. पण मोठ्या बोटी गोदीतून बाहेर काढतात त्याही भरतीलाच. जे पाणी त्याला मुंबईकडे नेणार होतं, तेच पाणी तुळशीला घेऊन जाणार होतं. पाण्याशी जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. न कळता तर निदान लाँच हलेपर्यंत आशेवर तरी बसला असता.

लाँच सुटली, रेवसला थांबली, बंदरात शिरली. समोर धक्के आणि गोदामं दिसू लागली, आणि त्यांच्या पुढून एक थोरली काळी बोट सावकाश बाहेर येत होती. तिच्या कठड्यांना माणसं दाटीने उभी होती.

"कुटची रं ही?" काळूरामने शेजारच्या खलाशाला विचारलं.

"आफ्रिकेची. मोंबासाला जाते."

काळूराम उठून उभा राहिला. आगबोटीच्या कठड्यावरचं माणूस अर्ध्या कोसावरून ओळखणारे त्याचे डोळे. पण त्या गर्दीत त्याला एकही तोंड धड दिसेना, कारण डोळे सारखे भरून येत होते. त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि दोन्ही हातांनी हलवलं. बोटीवरून कितीतरी हात हलत होते, धक्क्यावरच्या माणसांसाठी. लाँचकडे कोण कशाला बघतंय? बा येईल तर आगबोटीने, लाँचने नाही, अशी तुळशीची खात्री, आणि तो लाँचवरच उभा होता. बोट वळली. तिच्या लाटांनी लाँच थोडी डुलली आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली.

तुळशीच्या माझगावातल्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या चंद्राबाईने त्याला पाणी दिलं. "गाडीत बसेपर्यंत जिन्याकडे बघत होती हो," ती म्हणाली. "शेवटी म्हणाली, बा आला तर त्याला जेवल्याशिवाय सोडू नका." पण काळूराम जेवला नाही. सोड्यांचं गाठोडं त्याने तिच्याच उंबऱ्यावर ठेवलं आणि उठला.

परतला तो आगबोटीने. सारंगाने हसत विचारलं, "काय काळूराम, झाली मुंबई?" तो म्हणाला, "झाली." सदू होडी घेऊन आला. त्याने मामाच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि किनाऱ्यापर्यंत नुसतं वल्हं मारलं.

संध्याकाळी काळूराम धाकूच्या घरी बसायला गेला. दहावा व्हायचा होता. नीराबाई एकटीच होती. मुलगा दहाव्याच्या तयारीला बाहेर गेला होता.

"भेटली लेक?" तिने विचारलं.

"न्हाय, काकी."

"मला सदूनं काल सांगितलं. होडी मागं ओढलीस म्हनं."

काळूरामने मान हलवली.

"अरं, एक शबूद टाकायचा व्हता माज्या कानावर. मी न्हाय म्हनले असते व्हय? ह्ये जिते असते तर त्यांनी सवता वल्हं मारलं असतं तुज्यासाठी. तुळशीला खांद्यावर खेळवली त्यांनी. दारात येऊन गेलास, माज्या म्होरं उबा ऱ्हायलास. बोलला का न्हाईस रं?"

कोपऱ्यात शेजाऱ्यांनी आणून ठेवलेला भात आणि कुळथाचं पिठलं झाकून ठेवलं होतं. सुतक असलेल्या घरात चूल पेटत नाही. जेवण बाहेरून येतं, आणि ते घरचीच माणसं खातात. बाहेरचा कुणी तिथे पाण्यालाही शिवत नाही.

"तुज्या घरी चूल पेटली?" नीराबाईने विचारलं.

"न्हाय."

तिने एक पत्रावळ त्याच्यापुढे मांडली. भात वाढला, वर पिठलं घातलं. काळूराम हात धुऊन आला, बसला आणि मान खाली घालून जेवू लागला. तिने आणखी भात घातला. तो नको म्हणाला नाही.