हँडलमधली चिठ्ठी

वकीलबाईंनी पर्सची अडकलेली चेन जोर लावून ओढली, तसं समोर बसलेल्या, आरोपीच्या लेकीच्या तोंडून निघून गेलं, "ओढू नका, दात निघतील."

बाई थांबल्या. लेकीने टेबलावरची पेन्सिल उचलली, तिचं टोक चेनवर दोनदा घासलं आणि चेन अलगद सरकवून दाखवली. हात चालत होते तोवर ती ठीक होती. पर्स परत देऊन हात रिकामे झाले आणि तिला रडू फुटलं.

अकरा दिवसांपूर्वी पोलिसांनी तिच्या बाबांना दुकानातून उचललं होतं. बाबा बॅगा दुरुस्त करायचे. कुणी एक अनोळखी गिऱ्हाईक तुटक्या हँडलची सूटकेस टाकून गेलं आणि दुसऱ्या दिवशी न्यायला आले ते पोलीसच. अस्तरामागे अंमली पदार्थाची सहा पाकिटं निघाली. हवालदाराने सूटकेस उचलून पाहिली आणि म्हणाला, "हँडल झकास बसवलंय की! कुणी शिवलं?" कौतुक म्हटलं की बाबा विरघळलेच. "मी," ते ताठ मानेने म्हणाले आणि पुढे आलेल्या कागदावर न वाचता सही करून मोकळे झाले. कागदात लिहिलं होतं की सूटकेसची सगळी शिलाई त्यांचीच आहे.

तेव्हापासून आत्या फोन उचलत नव्हती. मोफत वकील मिळतो असं कळल्यावर काका म्हणाला होता, "जा, फुकट ते पौष्टिक!"

"रडून झालं की सांग," वकीलबाई म्हणाल्या. "सही केली म्हणजे सगळं संपलं असं नाही. बाबांनी अस्तराला हात लावला नव्हता, हे दाखवता येईल असं काही आहे?"

लेकीने डोळे पुसले. "बाबा प्रत्येक हँडलच्या चामड्यात एक चिठ्ठी शिवतात. तारीख आणि काय काम केलं ते. बॅग पुन्हा आली तर कळावं म्हणून. गिऱ्हाइकांना माहीत नसतं."

बाईंचं पेन भराभर चालू लागलं. "सूटकेस पोलिसांनी सीलबंद केली आहे, म्हणजे चिठ्ठीही आतच असणार. न्यायाधीशांसमोर हँडल उसवायची परवानगी मागू. उद्याच अर्ज करते."

लेक उठली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"चिठ्ठ्या मी लिहिते."

"बरं. मग?"

"रोज वेगळं लिहायचा कंटाळा येतो. म्हणून मी पन्नास-पन्नास एकदम लिहून ठेवते. सगळ्यांवर एकच. हँडल, चेन, अस्तर, सगळं केलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे आत्ता सांगितलंस ते फार बरं केलंस," त्या म्हणाल्या. "इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. पण उसवायचं की नाही ते बाबांनीच ठरवायचं."

तुरुंगातल्या जाळीपलीकडे बाबा निम्मे झाले होते. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. आपल्या आळसापायी बाप आत सडणार, या विचाराने लेकीची मान वर होईना.

"उसवा," बाबा म्हणाले.

"बाबा, त्यावर अस्तर लिहिलंय!"

"तू काय लिहितेस ते ठाऊक आहे मला." मग ते बाईंकडे वळले. "फक्त पातं धारदार घ्यायला सांगा. चामडं फाडू नका, नवं आहे."

पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं आणि बाबा आत गेले.

आठवड्याने कोर्टातल्या कारकुनाने एकेक टाका कापला. टाके चिवट होते, कारकून घामाघूम झाला. एवढ्या काळजीतही बाबांचा चेहरा जरा खुललाच. घडी केलेली चिठ्ठी बाहेर आली. लेकीला लांबूनही स्वतःचं गोल, टपोरं अक्षर ओळखू आलं आणि तिने डोळे मिटून घेतले.

न्यायाधीशांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. हँडल, चेन, अस्तर. त्यातल्या चेन आणि अस्तरावर पेन्सिलीने जाड काट मारलेली होती. खाली तारीख, आणि वेड्यावाकड्या अक्षरांत, "फक्त हँडल. अस्तर उघडलं नाही."

खटला अजून चालायचा होता, पण त्या दिवशी जामीन मिळाला. संध्याकाळी बाबा बाहेर आले. फाटकापासच्या बाकावर दोघं टेकली. बाबा हातातल्या पिशवीचा बंद ओढून त्याची शिलाई तपासत होते.

"कधीपासून खोडताय?" लेकीने विचारलं.

"पहिल्या चिठ्ठीपासून."

"चार वर्षं? मग एकदा तरी बोलायचं ना मला!"

"बोललो असतो तर तू लिहायचं सोडलं असतंस," बाबा म्हणाले. "अक्षर छान आहे तुझं."