अडतिसावरून तिसरं

रेडिओ केंद्रावर दर आठवड्याला लोकप्रिय गाण्यांचा तक्ता निघायचा आणि तो लावायचं काम दोघी बहिणींतल्या थोरलीकडे होतं. कॅसेटच्या दुकानांतून विक्रीचे आकडे फोनवर यायचे. ती ते जुळवायची, चाळीस गाणी क्रमाने लावायची आणि शुक्रवारी संध्याकाळी निवेदक ती तळापासून वरपर्यंत वाजवायचा. इतक्या वर्षांत गाण्यांचे स्वभाव तिला पाठ झाले होते. गाणं दमादमाने चढतं, वर जाऊन थोडं टेकतं आणि हळूहळू उतरतं. नवा सिनेमा लागला की एखादं धाडकन वर जातं, पण त्यालाही कारण असतं.

धाकटीचं गाणं मात्र कारणाशिवाय उडालं.

धाकटी ही तिची सख्खी बहीण. दिवसा दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसून नावं पुकारायची आणि उरलेल्या वेळात गायची. घराची किल्ली हरवलेल्या बाईचं एक गाणं तिने स्वतःच लिहिलं होतं. एका छोट्या कंपनीने त्याची कॅसेट काढली, पण बजावलं, की महिनाअखेरीस पहिल्या दहांत आलं तरच पुढचं गाणं. ते गाणं अडतिसाव्या क्रमांकावर आलं, पुढच्या आठवड्यातही तिथेच राहिलं आणि त्यानंतर एकदम तिसरं.

बहिणीचं गाणं तक्त्यात आलं त्याच दिवशी थोरलीने साहेबांना तसं सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तिचे आकडे दुसरी सहकारी तपासायची. तिने याही वेळी तपासले. बरोबर होते. सगळ्यांनी थोरलीचं अभिनंदन केलं. साहेबांनी चहा मागवला. थोरलीने तो बाजूला सरकवला. श्रोत्यांच्या फर्माइशी तिच्यासमोर पडलेल्या होत्या आणि त्यांत किल्लीच्या गाण्याची मागणी वाढली नव्हती. जे गाणं लोक मागत नाहीत, ते इतकं विकत घेतंय कोण?

तक्ता वाचायला अजून एक दिवस होता. ती पर्स उचलून बाहेर पडली.

पहिल्या दुकानदाराला फार आठवावं लागलं नाही. एक वयस्क गृहस्थ येतात, म्हणाला, नेहमी तीच कॅसेट नेतात, नातीच्या शाळेत वाटायच्या आहेत म्हणतात. दुसऱ्या दुकानात त्यांच्यासोबत आणखी दोघं होते. तिसऱ्या दुकानातली बाई हसत म्हणाली, "फार सभ्य माणूस हो. आधी दाराशी बाजूला उभं राहून सगळ्यांना बाहेर पडू देतात, मग आत शिरतात. आणि नोटा कशा, उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरलेल्या."

पुढच्या दुकानात न जाता थोरली तडक घराकडे वळली. उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टरकी केलेल्या माणसाशिवाय नोटा तशा कोण धरतं?

बाबा घरी खिडकीशी बसून रेडिओला नवे सेल घालत होते. तिने सरळ विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पलंगाखालून दोन सुटकेसी ओढून काढल्या. दोन्ही कॅसेटींनी ठासून भरलेल्या होत्या. निवृत्त झालेले त्यांचे कंडक्टर मित्रही कामाला लागले होते, आपापल्या जुन्या मार्गावरची दुकानं त्यांनी वाटून घेतली होती.

"चोरी नाही केली," बाबा म्हणाले. "रोख देऊन घेतल्यात. मोठ्या कंपन्या नाही का आपल्याच कॅसेटी पोत्याने उचलत?"

"उचलत असतील. कळलं तर त्यांचंही गाणं काढीन."

"तिला पुढचं गाणं मिळू दे. मग काढ."

"बाबा, आम्ही वाचून दाखवायचं की लोकांना हे आवडलंय, आणि लोक म्हणजे तुम्ही तिघं-चौघं?"

बाबांनी सेलचं झाकण लावलं. मग अगदी हळू म्हणाले, की तिच्या आईलाही गायचं होतं, आणि तेव्हा आपण काहीच केलं नाही. थोरलीला वाटलं, इथेच विषय सोडावा. पण ती जागची हलली नाही. "धाकटीला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तर ती माझ्यावर चिडेल, आणि तुमच्यावर चिडायचा तिला हक्क आहे."

तिसऱ्या नंबरची बातमी केंद्रातून कुणीतरी फोनवर आधीच कळवली होती; धाकटी कामावरून आली ती सगळ्या दवाखान्याने दिलेला फुलांचा गुच्छ घेऊन. बाबांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने गुच्छाचा कागद काढून त्याची घडी घातली.

"यांच्या वजा केल्या तर मी कुठे आहे?" तिने थोरलीला विचारलं.

"चाळिसाच्या बाहेर."

"मग बाहेर ठेव. तो तिसरा नंबर माझा नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी थोरलीची समजूत घालून पाहिली. आपण काही पोलीस नाही, दुकानदाराने विकलं, आपण मोजलं, आणि नुकसान तर तुझ्याच घरचं, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, घरचं आहे म्हणूनच. हे वाचायचं असेल तर तक्ता दुसऱ्या कुणीतरी लावावा. साहेबांनी शेवटी पेनाचं टोपण काढलं आणि गाणं खोडलं. संध्याकाळी निवेदकाने तिसऱ्या क्रमांकावर भलतंच गाणं वाजवलं. महिनाअखेरीस कंपनीने धाकटीला दोन ओळींत कळवलं, की आता जमणार नाही.

दोन दिवस कॅसेटी पलंगाखालीच पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी धाकटीने सुटकेसी बाहेर काढल्या आणि बाबांना म्हणाली, "तुम्हाला गाणं पुढे न्यायचंय ना? मग उचला."

तिने सुट्टीचा एकही दिवस सोडला नाही. बस डेपोच्या कँटीनमध्ये, कापड गिरणीच्या फाटकाबाहेर, इस्पितळाच्या अंगणात, जिथे उभं राहू देतील तिथे ती गायली. बाबा पुढे होऊन परवानगी काढायचे. गाणं संपल्यावर ज्याने दुसऱ्यांदा म्हणायला लावलं, त्याला ती एक कॅसेट फुकट द्यायची. फुकटची तक्त्यात धरली जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कधी माणसं थांबायची, कधी डबा झाकून निघून जायची. एका कँटीनवाल्याने तर गाण्याच्या मध्यातच भांडी आपटायला घेतली. तिने आवाज चढवला आणि गाणं पुरं केलं.

सुटकेसी रिकाम्या होत आल्या, तेव्हा गाणं पुन्हा तक्त्यात उगवलं, अगदी तळाला. पुढच्या आठवड्यात गायब. मग पुन्हा आलं, थोडं वर. पुन्हा गायब. ते असं बुडत आणि वर येत राहिलं. असली ये-जा केंद्रावर कुणी पाहिली नव्हती. साहेबांनी थोरलीला बोलावून फक्त भुवया उंचावल्या. तिने घरी जाऊन बाबांना विचारलं. त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि म्हणाले, धाकटीने शपथ घातलीये, दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही.

तरी थोरली स्वतः दुकानं पालथी घालायला गेली. काउंटरशी गणवेशातली एक नर्स उभी होती. गाण्याचं नाव तिला सांगता येत नव्हतं. "किल्ली हरवते ते," ती म्हणाली आणि एक ओळ गुणगुणली, तीही बरीच बेसूर. आमच्या वॉर्डात सगळे म्हणतात, पण मला पूर्ण येत नाही, म्हणून हवंय. दुकानदाराने न विचारताच कॅसेट काढून दिली. थोरलीने तिला हाक मारली नाही, बहिणीचं नाव सांगितलं नाही. ती जाईपर्यंत दुसऱ्याच कॅसेटी चाळत राहिली.

त्या शुक्रवारी गाणं एकोणतिसावं आलं. त्याच्या वर ते कधी गेलं नाही. पण तिथून पुढचे कित्येक आठवडे, वरची आणि खालची गाणी बदलत असताना, ते जागचं ढळलंही नाही.

पुढचं गाणं धाकटीने स्वतःच ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. स्टुडिओवाल्याने सकाळची वेळ दिली होती, म्हणून ती दवाखान्यातून अर्धी रजा काढून गेली. बाबांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं होतं. थोरली पोहोचली तेव्हा काचेपलीकडे धाकटीची पहिली ओळ चुकली होती आणि ती हात वर करून म्हणत होती, पुन्हा घेऊ या.