डाव्या हाताचं काम

एकसष्ट साली मिस डोरीन ऑस्ट्रेलियाला निघून गेली आणि शाळेतला पियानो मुका झाला. रोज सकाळी तिच्या वाजवण्यावर मुलं पाय आपटत रांगेनं वर्गात जायची. आता नुसतीच जायची, म्हणजे एकमेकांना ढकलत.

शाळा दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात. मी तिथं शिवण शिकवायची. सर्टिफिकेट कसलंच नाही, वय पंचेचाळिशीला टेकलेलं. हेडमिस्ट्रेस मिस सलढाणा मंगळूरच्या. त्यांची कोंकणी आणि माझं मराठी यांत जे एकमेकींना कळायचं नाही, ते आम्ही कन्नडात निस्तरायचो. एकदा त्यांनी बोलावून घेतलं.

"अहल्याबाई, कमिटी नवी टीचर बघतेय. पियानो वाजवणारी. शिवणही तीच शिकवणार."

"मग मी?"

त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"पेटी येते मला," मी म्हणाले. "वडील भजनाला वाजवायचे. ऐकून ऐकून हातात बसली."

"पियानो म्हणजे पेटी नव्हे गो बाई." मग खिडकीकडून वळून, "महिनाअखेरीला कमिटीच्या बाई येतील. तोवर मुलं नीट रांगेनं आत गेली तर मी बोलून बघीन. सरी?"

"सरी," मीही कन्नडात हो म्हणाले. घरी दम्यानं खाटेला खिळलेला नवरा असला की बाई कशालाही सरी म्हणते.

शाळा सुटल्यावर मी पियानोपुढं बसू लागले. एवढ्या पट्ट्या, त्यांतला सा कुठला ते सांगायला कोणी नाही. म्हणून माझ्या गळ्याचा घेतला, काळी चार. डोरीनची धून मुलींकडून मिळवली. एकीनं 'ला ला' करून दाखवली, तर दुसरी म्हणाली, अशी नाहीच मुळी. दोघींच्या मधली मी धरली. पेटीवर बोट आहे तोवर सूर असतो. इथं पट्टी दाबून बसलं तरी सूर आपला विझत जातो आणि नुसतं बोट उरतं. हे मनाला पटायलाच फार वेळ गेला.

धून ओळखू येण्यासारखी झाली तशी एका सकाळी मुलांपुढं वाजवली. मुलं हललीच नाहीत. जागच्या जागी डोलायला लागली. काहींनी तर डोळे मिटून घेतले.

मिस सलढाणा दारात उभ्या. "ही शाळा की देऊळ? आणि तो डावा हात कितें करता? माशा हाकलतोय?"

मी हाताकडे बघितलं. मांडीशेजारी तो हवेत पुढं-मागं, पुढं-मागं जात होता.

घरी सांगितलं तर खाटेवर आमचे त्रिविक्रम हसत सुटले. हसता हसता खोकला आला, मग पाठ चोळून द्यावी लागली.

"अगं, तो भाता मारतोय! जन्मभर पेटी वाजवलीस, डाव्याला दुसरं काय ठाऊक? पियानोला वारा लागत नाही. भाता हवाच असेल तर माझ्या छातीतला घेऊन जा."

"तुम्हाला थट्टा सुचते. नोकरी गेली म्हणजे?"

"धुनेवर कोणी पाय आपटतं का, वेडे? पाय पडतो ठेक्यावर. डोरीनबाई ठेका डाव्या हातानं धरत असणार. तुझ्या डाव्यालाही तेच सांग." आणि धाप लागेपर्यंत त्यांनी खाटेच्या कडेवर ठेका धरून दाखवला.

डाव्याला मी सा आणि पंचम एवढेच दिले. दोन्ही काळ्या पट्ट्या. चालताना पाय पडतात तसं, एकदा हा, एकदा तो. एवढंही त्याला जड व्हायचं. उजवा गाऊ लागला की डावा आपलं काम टाकून ऐकत बसायचा. संध्याकाळी दंडूतल्याच शिवाजीनगरला बसची वाट बघताना खांद्यापासून हात असा लोंबायचा, जणू कुणी तरी सांभाळायला दिलाय आणि न्यायला विसरलंय. घरी येऊन त्याच हातानं पाणी ओढायचं, सारू-भाताचं बघायचं. भात उकळताना मी फळीवर ठेका धरायची, आणि खाटेवरून आवाज यायचा, "मागं पडलीस!"

कमिटीच्या बाई आल्या त्या दिवशी मुलांच्या बुटांना पॉलिश होतं. मी बोटं पदराला पुसली. वाजवायला घेतलं, आणि पाय उठले. खरंच उठले. रांग पुढं सरकू लागली. निम्मी मुलं आत गेली असतील, तेवढ्यात घामानं डावं बोट पंचमावरून घसरलं आणि शेजारच्या पांढरीवर पडलं. कानात काटा रुतावा तसा तो सूर. सुधारायचं तर थांबायला हवं, आणि मी थांबले तर पायही थांबणार. म्हणून पुढच्या वेळी तिथंच, तेवढ्याच जोरानं पुन्हा तोच चुकीचा सूर दाबला. मग पुन्हा. माझ्या त्या चुकीवर पाय आपटत उरलेली मुलं शिस्तीत आत गेली.

"शेवटी जरा वेगळं लागलं नाही?" कमिटीच्या बाई म्हणाल्या.

"मॉडर्न आहे," मिस सलढाणा म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"दोन्ही कामं याच करतात? मग नवी कशाला बघताय?" असं म्हणून बाई गाडीकडे निघाल्या.

मी पियानोचं झाकण लावलं आणि त्यावर डोकं टेकलं. आनंद व्हायला हवा होता. तो आलाही असेल, पण मला त्या क्षणी फक्त आडवं व्हायचं होतं.

"उठा," मिस सलढाणा म्हणाल्या. "आता नाताळची गाणी बसवायची आहेत."

"मला एकही येत नाही, मिस. तुम्ही म्हणून दाखवा."

"मी?" त्यांनी व्हरांड्यात डोकावून दार लावून घेतलं. पदर सारखा केला, खाकरल्या आणि म्हणू लागल्या. आवाज रहाटासारखा. पहिल्या ओळीलाच कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी झाकण पुन्हा उघडलं. "परत एकदा, मिस. स्वल्प हळू."

त्यांचा सा दर ओळीला जागा बदलत होता. मी पट्ट्या चाचपत त्याच्या मागं मागं निघाले.