फाटक्या वायरची इस्त्री आणि निळा स्कार्फ

मित्रांनो, तापणे हे इस्त्रीचे कामच आहे. पण आज माझे बटण बंद आहे आणि तरीही मी तापलेली आहे. का, ते ऐका.

कारखान्यात माझा जड लोखंडी तळ घडला, एका कारागिराने मला लाकडी मूठ बसवली, आणि तीन घरे फिरून मी जुन्या बाजारात येऊन पडले. नवरा घर सोडून गेलेल्या एका बाईने मला तिथून उचलले; तिची मुलगी म्हणते म्हणून मीही तिला आईच म्हणते. सात वर्षे आम्ही दोघी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतो. दोन खोल्यांचे भाडे आणि मुलीची शाळा माझ्या तळावर चालते. ‘हिच्या हातची बाहीची घडी बघा,’ असे गिऱ्हाइके म्हणत. हिच्या हातची म्हणे! माझे नाव कोण घेतो?

मग माझी वायर उसवली, आतली तार उघडी पडली. आईने काळी टेप गुंडाळली. पुन्हा उसवली, पुन्हा गुंडाळली. एक दिवस मुलीने मला उचलले आणि तिला असा झटका बसला की ती भिंतीवर जाऊन आदळली. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, धावत आली. तिने पैसे आईच्या मुठीत कोंबले आणि बजावले, आधी वायर, बाकी सगळे नंतर.

आई वायर आणायला गेली आणि परत आली ती निळा रेशमी स्कार्फ घेऊन.

सांगा, काय म्हणावे या बाईला? लेकरू थोडक्यात वाचले आणि हिला रेशीम सुचते! देवाने मला जीभ दिली नाही, हे तिचे नशीब. मुलीला तिने सांगितले, दुकान बंद होते. माझ्यावर टेपचा आणखी एक थर चढला.

तो स्कार्फ बघून मी चमकले. अगदी तसाच एक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून दर आठवड्याला आमच्याकडे येई. तीन वर्षे आई त्यावर पातळ फडके घालून मला अलगद फिरवत आली. घडी घालण्याआधी तो क्षणभर हाताच्या पाठीवर पसरून बघे. गळ्यात मात्र कधी घातला नाही. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा तिचा कडक नियम.

रविवारी ती आपला नवा स्कार्फ घालून आरशासमोर उभी होती आणि मावशी दारात आली. मावशीची नजर आधी स्कार्फवर गेली, मग माझ्या वायरवर. आई गडबडली.

‘गिऱ्हाइकाचा आहे गं. जरा घालून बघितला.’

तेवढ्यात डॉक्टरीणबाईही कपडे न्यायला आल्या. त्यांनी विचारले, ‘हा माझा ना?’

खरे बोलावे, तर बहिणीसमोर बिंग फुटणार. आईने स्कार्फ काढला, नीट घडी घातली आणि त्यांच्या हाती दिला. ‘चुकलं माझं, बाई.’

बाईंनी तो दोन बोटांत धरला. पुढच्या आठवड्यापासून कपडे येणार नाहीत, असे सांगून त्या निघून गेल्या. तीन वर्षांचा विश्वास माझ्यादेखत जिना उतरला.

इकडे मुलगी इस्त्री न केलेल्या कपड्यांची टोपली उपसत होती. तिने तळातून एक चुरगळलेला निळा स्कार्फ ओढला. ‘आई, मग हा कुणाचा?’

मावशीला सगळे उमगले. ‘स्वतःची वस्तू परक्याची म्हणालीस? चोर ठरलीस? एवढी भीती माझी?’

‘वायरच घ्यायला निघाले होते, ताई. काचेमागे हा दिसला. तीन वर्षं दुसरीचा हातात घेतला गं.’

उसवलेल्या वायरमुळे मावशीने आईला मला हात लावू दिला नाही. आई बाईंचा तो स्कार्फ चुरगळलेलाच घेऊन त्यांच्याकडे गेली, आणि तासाभराने आपला स्कार्फ गळ्यात घालून परतली. डॉक्टरीणबाईंनी माफी मागितली का? नाही. कपड्यांचे बघू, एवढेच म्हणाल्या.

मावशी दात आवळून म्हणाली, ‘शोभतोय तुला. वायर उद्या घ्यायची. आणि दुकानात मी बरोबर येणार.’

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. आईवर तो आहेच, मुलीचा तो झटका मी विसरणार नाही. पण तिच्या गळ्यात रेशीम दिसताच ज्यांना ते आपले वाटले, त्यांच्यावर तो जास्त आहे. तुमच्या घरातली उसवलेली वायर आजच बदला. आणि इस्त्रीचे कपडे आणायला जाल, तेव्हा त्या बाईने अंगावर काही चांगले घातले असेल, तर ते कुणाचे, असे विचारू नका.