रादुलेच्या नावाची ओळ

मित्रांनो, चुलीच्या धुराने काळी पडलेली, मानेवर बोकडाचे डोके कोरलेली, भिंतीवरची ही म्हातारी गुसले म्हणजे मी. मला एकच तार आहे, तीही घोड्याच्या शेपटीच्या केसांची. हवे तर मला सारंगीची गरीब नातेवाईक म्हणा. पण तिचा गोड गळा माझ्याकडे नाही. मी नुसती कण्हते, आणि माझ्या त्या कण्हण्यावर आमच्या मॉन्टेनेग्रोच्या डोंगरांत सरदारांची गाणी गायली जातात.

नोवित्सा गवयाच्या बापाने मला मॅपलच्या ओंडक्यातून कोरून काढले आणि पोटाच्या पोकळीवर शेळीचे कातडे ताणून बसवले. पुढे मी नोवित्साची झाले. थंडीत घरोघरी आमची वाट पाहत. आमच्याकडे कुणी कितीही तलवार गाजवली, तरी गुसलेवर नाव चढेपर्यंत तो मोठा होत नाही. आणि ज्याचे नाव चढले नाही, तो दोन पिढ्यांत पुसला जातो. या मानाचा मला थोडा ताठाही होता, खोटे कशाला बोलू?

सर्वांत जास्त फर्माईश सरदार वुकोताच्या गाण्याची. ओर्लिना खिंडीत त्याने शत्रूचे निशाण हिसकावून आणले, अशी त्यात ओळ होती. पोरे मेंढ्यांमागे धावताना तीच ओळ ओरडत.

एका हिवाळ्यात, कुळाच्या संताच्या सणाला, खुद्द सरदार आमच्या गावी पाहुणा आला. जेवणे झाली, धुरी दिलेल्या मांसाची ताटे उचलली गेली, राकिया दारूचे पेले फिरले. पुरुष चुलीभोवती बसले, बायका भिंतीशी उभ्या राहिल्या. नोवित्साने मला गुडघ्यांत धरले आणि गात गात तो त्या ओळीपर्यंत आला.

"थांबव ते!" भिंतीकडून आवाज आला.

ती कृस्तिन्या होती, त्याच खिंडीतल्या लढाईत मेलेल्या रादुलेची आई. सगळे चपापले. आमच्यात चालू गाणे थांबवण्याचा हक्क फक्त त्या लढाईत असलेल्याला असतो.

"निशाण माझ्या रादुलेनं आणलं," ती म्हणाली.

"काकू, तुम्ही काय लढाईत होतात?" नोवित्सा चिडला.

"होते. भाकरी आणि काडतुसं पाठीवर घेऊन खिंड चढले होते."

"अगं, भाकरी घेऊन आलेलीस तू!" म्हातारा ब्लाझो हसला. "त्याला काय लढाई म्हणतात?"

"आणि भाकरी काय स्वतःच्या पायानं वर आली? ब्लाझो, तुझी बंदूक रिकामी झाली तेव्हा 'कृस्तिन्या, कृस्तिन्या' करून कोण बोंबलत होतं?"

आता सगळे ब्लाझोला हसले. कृस्तिन्या मात्र हसली नाही.

"निशाण घेऊन तो उतरला आणि माझ्या पायाशी कोसळला. त्याच्या मुठीतून सोडवून ते मी सरदारांच्या हातात दिलं. सरदार इथंच बसलेत. विचारा त्यांना."

सरदाराने नुसती नकारार्थी मान हलवली असती, तरी रादुलेचे नाव कायमचे बुडाले असते. सरदाराने हातातला पेला खाली ठेवला.

"काकू खरं बोलतेय. हे गाणं रच म्हणून मी सांगितलं नव्हतं, नोवित्सा. पण कानाला गोड लागलं, म्हणून थांबवलंही नाही. ओळ बदल."

"सरदार, मग गाण्यात तुम्ही उरता किती?"

"मी खडकामागं बंदूक भरत होतो. तिथंच ठेव मला. जागा चांगली होती, एक गोळी लागली नाही!"

नोवित्साने गज ओढला. "रादुलेनं निशाण आणलं, आईच्या पायाशी ठेवलं," असे तो गायला. कृस्तिन्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"आता सगळे म्हणा," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत विसराल."

सरदार उठला. आपल्या तिवईवर त्याने तिला बसवले आणि स्वतः उभा राहून ती ओळ म्हटली. मग कमरेला पिस्तुले खोचलेले ते मिशाळ गडी एकेक करून शाळकरी पोरांसारखे ती म्हणू लागले. जो पुटपुटला, त्याला तिने पुन्हा म्हणायला लावले. त्यानंतर सरदाराचे गाणे आखूड झाले, आणि मला ते जास्त आवडू लागले.

पुढे नोवित्सा गेला, घरात रेडिओ आला आणि माझा गज कुठे हरवला कुणास ठाऊक. चुलीच्या धगीने माझे कातडे उकलले आहे. पाहुणे येतात, माझ्यावरून बोट फिरवतात आणि बोटाची धूळ पुसतात.

मित्रांनो, मला भिंतीवरून उतरवा. नवे कातडे ताणा, नवे केस लावा. मी रागावणार नाही. पण गाणाऱ्याला ती ओळ आधी नीट शिकवा. एका आईने भरल्या घरात उभे राहून ती मिळवली आहे. तिच्या बाजूने बोलायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेले नाही, आणि मी गप्प बसणार नाही.