अडतीस मार्कांचा माफीनामा

लुंबिनीला बीजगणितात चाळीसपैकी अडतीस मार्क पडले आणि दोनच दिवसांत त्यांचं शून्य झालं.

शाळेचा मेल आला तो तिच्या आईच्या, प्रेमलाच्या मोबाइलवर. परीक्षार्थी परीक्षेदरम्यान दुसऱ्या व्यक्तीशी बोलताना आढळली, सबब गुण शून्य. सोबत एक फॉर्म होता. त्यात गैरप्रकार केल्याचं कबूल करायचं, माफी मागायची, पालकांची सही घ्यायची; मग फेरपरीक्षा.

"खोलीत कोणी नव्हतं!" लुंबिनी ओरडली. "आई, तू भाजी आणायला गेली होतीस. बाबा ऑफिसात. मी कोणाशी बोलणार, भिंतीशी?"

तिच्या वडिलांची, सुखदेवची बदली दिवाळीनंतर वर्ध्याहून दिल्लीला झाली होती. केंद्र सरकारच्या एका खात्यात तो नकाशे काढायचा. नोएडात भाड्यानं घर मिळालं, जवळच्या शाळेनं नववीत प्रवेशही दिला. पण वर्ध्याच्या मराठी शाळेतलं गणित शाळेला पुरेसं वाटेना. पहिल्या सत्राचं बीजगणित ऑनलाइन पूर्ण करा, जानेवारीत घरूनच, कॅमेरा आणि माइक चालू ठेवून परीक्षा द्या, असं ठरलं. व्हिडिओ इंग्रजीत, शंका विचारायच्या हिंदीत. पहिल्या चाचणीत लुंबिनीला अकरा मार्क मिळाले. त्यानंतर रोज ऑफिसातून आला की सुखदेव अंगातलं जाकीटही न काढता तिच्या शेजारी बसायचा आणि तोच धडा मराठीतून समजावून द्यायचा. अडतीस मार्क आले ते त्यातून.

आणि सोमवारी तोच सुखदेव तो फॉर्म छापून घेऊन आला.

"सही कर आणि विषय संपव," तो म्हणाला.

लुंबिनी कागदाकडे बघतच राहिली. "मी कॉपी केली, असं मी लिहू?"

"फेरपरीक्षेत पुन्हा मिळवशील ना अडतीस. एका कागदानं काय होतं? नवीन गाव आहे, नवीन शाळा आहे. आल्या आल्या भांडण आपल्याला परवडत नाही."

"आपल्याला म्हणजे कोणाला?"

सुखदेवनं पेन काढून कागदाशेजारी ठेवलं.

"सांगा की," प्रेमला स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. "कोणाला परवडत नाही? तिनं अभ्यास केला तेव्हा तुम्हीच होता ना बाजूला?"

"म्हणूनच सांगतोय. मला माहितीय तिनं केला. त्यांना नाही माहीत. अकराचे अडतीस झाले की लोकांना काय वाटतं, ते मी आयुष्यभर बघितलंय."

"मग त्यांना जे वाटतं तेच मी लिहून देऊ?" लुंबिनीचा आवाज चिरकला. "बाबा, तुम्ही माझे मार्क त्यांच्या हातात देताय!"

तिनं सही केली नाही. त्यानं केली, पालकाच्या रकान्यात, आणि मंगळवारी रजा टाकून तिला घेऊन शाळेत गेला. धुकं इतकं होतं की शाळेची पाटी अगदी फाटकाशी गेल्यावर दिसली.

कोऑर्डिनेटर मॅडमनी कागद घेतला आणि मुलीच्या सहीची रिकामी जागा दाखवली. "बेटा, साइन?"

"पहले रेकॉर्डिंग दिखाइए," लुंबिनी म्हणाली.

"लुंबिनी," सुखदेव हळूच म्हणाला.

"नाही बाबा. मला बघायचंय मी कोणाशी बोलले."

मॅडमनी सुस्कारा सोडला. अहवाल अगदी स्पष्ट होता, त्या म्हणाल्या. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यानं दुसऱ्या मुलीचं नावसुद्धा टिपून ठेवलं होतं. त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "ये लसावि कौन है? तुम्हारी बहन? सहेली?"

लुंबिनीनं वडिलांकडे पाहिलं. सुखदेवला आधी नीट ऐकूच आलं नसावं. "क्या नाम बोला आपने?"

"लसावि. छह बार नाम लिया है इसने."

मॅडमनी लॅपटॉप वळवला. पडद्यावर स्वेटर घातलेली लुंबिनी वहीवर वाकली होती आणि पुटपुटत होती, "दोन आणि तीन. लसावि सहा. दोन्ही बाजूंना सहानं गुण. आता चिन्ह बघ. घाई नको, चिन्ह बघ."

घाई नको, चिन्ह बघ. हे रोज संध्याकाळी सुखदेव तिला सांगायचा, याच शब्दांत. त्याचे कान लाल झाले. तो खुर्चीतून उठला.

"मैडम, लसावि कोई लड़की नहीं है. लघुतम साधारण विभाज्य. एल.सी.एम.! हमारी भाषा में एल.सी.एम. को लसावि बोलते हैं. मेरी बेटी सवाल हल कर रही थी, और आपने उसको चोर लिख दिया?"

"देखिए, आप बैठिए. सिस्टम ने पकड़ा, हमने तो सिर्फ..."

"किसी ने पूछा इससे? एक बार? ग्यारह से अड़तीस हो गए तो सीधा चोरी?"

बाहेरच्या टेबलावरचा शिपाई आत डोकावला. मॅडमचा आवाज मऊ झाला. गैरसमज झाला असेल. माफीनामा राहू द्या. पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा घेऊन टाकू, त्या म्हणाल्या.

सुखदेव थांबला. त्याला ते पुरेसं वाटलं असतं, हे लुंबिनीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"री-एग्ज़ाम क्यों?" ती म्हणाली. "मेरा एग्ज़ाम हो चुका है. मेरे अड़तीस वापस दीजिए. और लिखकर दीजिए कि गलती आपकी थी."

मॅडमनी सुखदेवकडे पाहिलं, समजावा हिला अशा नजरेनं. त्यानं टेबलावरचा सही केलेला फॉर्म उचलला, फाडला आणि तुकडे खिशात घातले. मग कोरा कागद मागून घेऊन तिथंच अर्ज लिहायला बसला. लुंबिनी शेजारी उभी राहून एकेक वाक्य वाचत होती. 'कृपया विचार करें' तिनं त्याला खोडायला लावलं.

अकरा दिवसांनी मेल आला. गुण अडतीस, स्थिती सुधारित. चूक कोणाची, याबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रेमलानं शेजारी पेढे वाटले. लुंबिनीनं पेढा घेतला नाही.

"मिळाले ना मार्क?" सुखदेव म्हणाला.

"माझेच होते. त्यांनी सॉरी म्हटलं नाही."

"ते नाही म्हणणार."

"तुम्हीपण नाही म्हटलं."

सुखदेव जेवता जेवता थांबला. प्रेमला काही बोलायला गेली, त्यानं हातानं तिला थांबवलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तो कागद मी घरात आणायलाच नको होता. सही तर नकोच होती."

"हो. नकोच होती," लुंबिनी म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दुसऱ्या सत्राचे पहिले तीन धडे तिनं एकटीनं केले.